शिकारी बोल्ट-ॲक्शन रायफलवर स्कोप बसवण्यासाठी कोणतं माउंट घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की रायफल रेमिंग्टन ७०० आहे, काडतूस .३०-०६, स्कोप ३-९×४०, नळी एक इंची, आणि २०० मीटरच्या पलीकडे गोळी टाकायचीच नाही. दुकानातून सल्ला मिळालाय तो २० एमओए (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराची रेल (रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या भागावर, बसणारी खाचांची एकसंध पट्टी), उंच रिंगा (स्कोपची नळी धरणारी कडी) आणि झटपट निघणारं क्विक-रिलीज माउंट घेण्याचा. एवढं सगळं खरंच लागतं का, हा तुमचा प्रश्न.

नाही लागत. दोन तुकड्यांचे साधे बेस (रिसीव्हरवर स्क्रूनं बसणारे, रिंगा धरणारे तुकडे), स्कोप जेमतेम मोकळा राहील इतक्या बुटक्या रिंगा आणि बसवताना हातात टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना), एवढ्यात तुमचं काम उत्तम होईल. पैसे वाचवायचे असतील तर स्कोपची पॉवर कमी घ्या, माउंटमध्ये काटछाट करू नका. कारण सांगतो.

समजा, पुढच्या आणि मागच्या रिंगमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि गोळी सुटताना त्यातली एक रिंग ०.१ मिलिमीटर सरकली. कागदाच्या जाडीएवढी ही हालचाल डोळ्याला दिसतही नाही. पण १०० मिलिमीटरला ०.१ म्हणजे हजारात एक, आणि १०० मीटरवर हजारात एक म्हणजे १० सेंटिमीटर. २०० मीटरवर २०. खांद्यामागे छातीत जायची गोळी पोटात जाते आणि जनावर मैलभर तडफडत पळतं. शिकाऱ्याकडून होणारी ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे असं मी मानतो, म्हणून माउंटच्या बाबतीत मी कुणालाच ‘चालतंय की’ असं म्हणू देत नाही.

त्यात झटक्याचा जोर बघा. .३०-०६ मधून १८० ग्रेनची (सुमारे ११.७ ग्रॅमची) गोळी सुटली की पावणेचार किलोची रायफल सेकंदाला साधारण पावणेचार मीटर वेगानं मागे येते, आणि हा वेग ती एक-दोन हजारांश सेकंदात पकडते. चारशे ग्रॅमच्या स्कोपला तेवढ्याच वेळात तेवढाच वेग द्यायचा तर ढोबळ हिशेबानं ८०-९० किलो वजनाइतका जोर रिंगांमधून जातो. स्कोप जड, तितका हा जोर जास्त. ५० किंवा ५६ मिलिमीटर भिंगाचे अवजड स्कोप घेणाऱ्यांची पहिली तक्रार ‘झीरो टिकत नाही’, म्हणजे गोळी आणि नेम यांचा जुळवलेला मेळ हलतो, ही असते, ती यामुळेच.

आता बेस. रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर पुढे उंच आणि मागे थोडा बुटका असतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा बेस वेगवेगळ्या उंचीचा येतो. अदलाबदल झाली तर स्कोप पुढे किंवा मागे झुकेल. स्क्रू साधारणपणे ६-४८ मापाचे असतात. एकसंध रेल घेतली तर रिंगा पुढे-मागे हलवायला भरपूर खाचा मिळतात आणि दोन्ही टोकं एका ओळीत राहतात, हा तिचा फायदा खराच. पण .३०-०६ लांब ॲक्शनमधलं काडतूस आहे, आणि रेल काडतूस भरायच्या खिडकीवरून आडवी जाते. थंडीत हातमोजे घालून वरून गोळ्या भरताना किंवा अडकलेलं खोकं बोटानं काढताना ती आडवी येते. शिकारीच्या रायफलवर म्हणूनच मला दोन तुकडे आवडतात. अट एकच: स्कोपची नळी दोन्ही रिंगांना पुरेल इतकी लांब हवी आणि डोळा योग्य जागी यायला हवा. विकत घेण्याआधी रिंगा नुसत्या ठेवून हे बघता येतं.

बेसवरच्या खाचांचा प्रकारही बघून घ्या. वीव्हर खाच ०.१८० इंच रुंद असते आणि दोन खाचांतलं अंतर ठरलेलं नसतं. पिकॅटिनी हे १९९५ सालचं अमेरिकी लष्करी मानक आहे, एमआयएल-एसटीडी-१९१३: खाच ५.२३ मिलिमीटर, मध्यापासून मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. वीव्हर रिंग पिकॅटिनीवर बसते, उलट नेहमी जमतंच असं नाही. तिसरी जुनी पद्धत रेडफिल्ड-ल्यूपोल्ड धाटणीची: पुढची रिंग बेसमध्ये नव्वद अंश फिरवून बसवायची आणि मागची दोन मोठ्या बाजूच्या स्क्रूंमध्ये धरायची. रिसीव्हरची भोकं किंचित तिरपी पडली असतील तर मागच्या स्क्रूंनी आडवी दुरुस्ती करता येते, हा तिचा मोठा गुण. मात्र पुढची रिंग फिरवायला स्कोपचाच दांडा म्हणून वापर करू नका, नळी पिळवटते. त्यासाठी एक इंची लोखंडी गज वापरतात.

ज्यांची रायफल वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडंसं. टिक्का टी३ वर १७ मिलिमीटरचा आणि सीझेड ५५० वर १९ मिलिमीटरचा डव्हटेल (रिंग पकडायची, तळाशी निमुळती पट्टी) रिसीव्हरमध्येच कोरलेला असतो, रूगर एम७७ वर रिंगांसाठी खास खळगे असतात. अशा ठिकाणी मधला बेस गाळून थेट रिंगा लावाव्यात. जितके सांधे कमी, तितक्या सैल पडायच्या जागा कमी. याच न्यायानं रिंग आणि बेस एकाच तुकड्यातून कापलेली हलकी ॲल्युमिनियम माउंटही चांगली, आणि टॅलीची तशी जोडी रेमिंग्टन ७०० साठी मिळते. तुम्हाला मी तिचाच पर्याय आधी बघायला सांगेन. ॲल्युमिनियमला घाबरायचं कारण नाही. नीट कापलेलं ॲल्युमिनियम .३०-०६ चा झटका आरामात सोसतं. त्याहून दांडगं काडतूस आणि जड स्कोप असेल तर पोलाद घ्या.

उंचीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ४० मिलिमीटर हा भिंगाचा व्यास आहे, पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास त्याहून पाच-सात मिलिमीटर जास्त भरतो. तो कॅलिपरनं मोजा आणि निम्मा करा. नळीच्या मध्यापासून रायफलच्या बॅरलच्या पाठीपर्यंत त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त जागा हवी. झाकण लावणार असाल तर त्याची जाडी धरा. बॅरलला स्कोप टेकता कामा नये, आणि बोल्ट पूर्ण वर उचलल्यावर त्याची मूठ मागच्या तोंडाला घासता कामा नये. दोन लगांचा (बोल्ट जागी अडकवणाऱ्या दोन दातांचा) बोल्ट नव्वद अंश उचलावा लागतो, म्हणून ही दुसरी तपासणी तुमच्या रायफलवर विशेष महत्त्वाची. एवढं साधलं की त्याहून वर जाऊ नका. ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ या शब्दांवर तर मुळीच जाऊ नका: काही उत्पादक उंची रिंगच्या मध्यापर्यंत मोजतात, काही नळीच्या तळापर्यंत, आणि एकाचं ‘मीडियम’ दुसऱ्याचं ‘लो’ असतं. मिलिमीटरमधला आकडा आणि तो कुठून मोजलाय, हे दोन्ही विचारा.

बुटक्या रिंगांचा हट्ट गालासाठी आहे. शिकारी रायफलचा दस्ता बहुधा कमी उंचीचा असतो. स्कोप उंच बसला की गाल दस्त्यावरून सुटतो, हनुवटी टेकवून डोकं हवेत धरावं लागतं, आणि जनावर समोर आल्यावर आधी काळं वर्तुळ दिसतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकू द्या, मग डोळे उघडा. पूर्ण चित्र लगेच दिसलं तर उंची बरोबर आहे.

२० एमओएची रेल स्कोपला पुढे झुकवते, म्हणजे लांब पल्ल्यासाठी वरची क्लिक (स्कोपचा नेम सरकवणाऱ्या चकतीचे टप्पे) जास्त शिल्लक राहतात. १०० मीटरवर हा उतार सुमारे ५८ सेंटिमीटर होतो. ८०० मीटरवर लोखंडी पाट्या वाजवणाऱ्याला तो लागतोच. तुमच्या २०० मीटरला तो काही देत नाही, उलट स्कोपची बरीचशी दुरुस्ती खाली झीरो करण्यातच खर्ची पडते.

क्विक-रिलीज मी सरसकट नाकारत नाही. रायफलवर लोखंडी साइट्स असतील, जखमी जनावराच्या मागे दाट झाडीत शिरायची वेळ येत असेल किंवा एकाच रायफलवर दोन स्कोप वापरायचे असतील तर ते हवंच. युरोपात रेक्नागेल, ईएडब्ल्यू यांची फिरवून निघणारी माउंट आणि ब्लेझरचं खोगीर-माउंट याच कामासाठी केलेली आहेत आणि स्कोप काढून परत लावला तरी झीरो छान राखतात. पण त्या दर्जाला पैसे मोजावे लागतात. तुमच्या रायफलवर लोखंडी साइट्स नसतील, तर स्कोप काढून तुम्ही करणार काय? स्वस्तातल्या खटक्यांपेक्षा चार स्क्रू बरे.

बसवण्याकडे मात्र माउंटच्या निवडीइतकंच लक्ष द्या. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवा. भोकं आणि स्क्रू यांच्यावरचं तेल पूर्ण पुसा. बेस लावल्यावर बोल्ट घालून चालवून बघा. अडखळला तर एखादा स्क्रू लांब पडतोय. सगळ्यात पुढचा स्क्रू बॅरलच्या आट्यांवर टेकतो आणि बाहेरून घट्ट वाटतो, बेस मात्र सैलच राहतो. म्हणून तो एकदा बेसशिवाय लावून किती आत जातो ते तपासा. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल पडू न देणारा गोंद) थेंबभर लावा, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना नको: तिथं ते वंगणासारखं काम करतं आणि त्याच टॉर्कला नळी जास्त आवळली जाते.

खाचांच्या बेसवर रिंग आवळण्याआधी ती बॅरलच्या तोंडाकडे, म्हणजे पुढे ढकला. झटक्यात रायफल मागे येते आणि स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या हिशेबात पुढे सरकतो. आधीच पुढे टेकलेला असेल तर सरकायला जागाच उरत नाही. रिंगांच्या टोप्या १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, तिरप्या क्रमानं थोड्याथोड्या आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. बेसच्या स्क्रूंचे आणि रिंग बेसवर आवळणाऱ्या आडव्या बोल्टचे आकडे प्रकारानुसार फार बदलतात, ते माउंटसोबतच्या कागदावरून घ्या. स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा, आणि ती बघताना रायफल स्वतः सरळ धरलीय ना, हे दोनदा पाहा.

शेवटी रिंगच्या कडेशी नळीवर पेन्सिलनं बारीक रेघ मारा, झीरो करा, आणि झीरो झाल्यावर पुन्हा एकदा वीस-एक गोळ्या झाडून ती रेघ बघा. हंगामाआधी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर तेच. रेघ रिंगपासून सरकलेली दिसली तर स्क्रू नुसते आवळून पुढे जाऊ नका. सगळं उघडा, पुसा, परत बसवा आणि झीरो पहिल्यापासून करा.