बर्फात खड्डा करणारं फूल, आणि अळूवडीचा मोह

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. मार्चच्या सुरुवातीला घरामागच्या दलदलीच्या जंगलात फिरताना बर्फातून जांभळट-तपकिरी, टोकदार असं काहीतरी वर आलेलं दिसलं. सगळीकडे बर्फ, पण त्याच्याभोवती मात्र गोल खड्डा पडून बर्फ वितळलेला. एप्रिलअखेर त्याच जागी मोठ्ठाली हिरवीगार पानं आली, थेट अळूसारखी. हे काय आहे? आणि हसू नका, पण वड्या होतील का?

उत्तर: हसलो, सॉरी! ताई, हे स्कंक कॅबेज. नावात कोबी असला तरी हे खरं अळू-सुरणाच्या खानदानातलं, म्हणजे तुमची नजर काही चुकली नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात शेवळाच्या रानभाजीचा कोंब पानांच्या आधी वर येतो ना, तसंच इथेही आधी फूल आणि मग पानं. तुम्ही पाहिलं ते टोकदार म्हणजे नुसती बाहेरची टोपी, आत डोकावलात तर एक गोल गड्डी दिसेल आणि त्या गड्डीवर बारीक बारीक फुलं चिकटलेली, एकालाही दिखाऊ पाकळी नाही.

खड्ड्याचं म्हणाल तर ही गड्डी चक्क तापते. जमिनीखालच्या कंदात साठवलेला स्टार्च जाळून ती बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते ३५ डिग्री सेल्सिअसने गरम राहते, आणि हे एकदोन दिवस नाही, जवळजवळ दोन आठवडे चालतं. वर सडक्या मांसासारखा वास, कारण त्या थंडीत मधमाश्यांच्या भरवशावर कोण बसणार, माश्या आल्या तरी पुष्कळ. (पान चुरगाळलंत तर वेगळाच भपकारा येतो, स्कंक नावाचा घाण वास सोडणारा प्राणी असतो, हे नाव त्यावरूनच.) मुळंही भारी आहेत, ती आकसतात आणि झाडाला दरवर्षी चिखलात अजून खाली ओढतात, त्यामुळे जुनं झाड उपटायच्या भानगडीत पडूच नका.

आता वड्या. नाही म्हणजे नाही! पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड-घसा जळतो. आपण शेवळात काकडं ही आंबट फळं घालतो, अळूला चिंच लावतो, तो उपाय इथे लावून बघू म्हणाल तर नको, हे उकळूनही खाज जात नाही. शिवाय त्याच दलदलीत फॉल्स हेलेबोर नावाचं खरोखर विषारी झाडही उगवतं आणि कोवळेपणी दोघांत लोक गफलत करतात. अळूची पानं इंडियन ग्रोसरीच्या फ्रीझरमध्ये मिळतात, तीच आणा.