कॅमेरा मध्येच बंद पडतोय? आधी कार्ड बघा

दुचाकीवर राइडला लावलेल्या ॲक्शन कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आपोआप थांबत असेल तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका. बऱ्याचदा दोष मेमरी कार्डाचा असतो. ४के, म्हणजे जास्त बारकाव्याच्या व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० (V30) छापलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. स्वस्तातलं कार्ड नेमकं ताम्हिणीच्या उतारावर दगा देतं. आणि नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

कार्ड ठीक असेल तर मग उष्णता. सिग्नलला थांबलात की वारा थांबतो आणि कॅमेरा तापतो. तेवढा वेळ रेकॉर्डिंग बंद ठेवा. तसंही रोजच्या राइडला ४के कशाला? १०८०पी, म्हणजे फुल एचडी, पुष्कळ झालं.

हँडलबारवर लावला तर आपल्या रस्त्यांवर चित्र थरथरणारच. छातीचा पट्टा बरा, फक्त कॅमेरा जरा वर रोखा, नाहीतर वाकल्यावर तासभर पुढचं चाकच दिसेल. पावसाळ्यात वॉटरप्रूफ केस वापरत असाल तर ती घरी, कोरड्या हवेत बंद करा. घाटातल्या धुक्यात बंद केलीत की काच आतून धुरकटते. हो, आणि कॅमेऱ्याला दोरी बांधाच. माउंटचा स्क्रू खड्ड्यांनी हमखास ढिला होतो.