दिवे घाट एकादशीला येतो: वारीत नव्याने चालणाऱ्यांचे प्रश्न

ज्येष्ठ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. यंदाही वारीबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आली, आणि लिहिणारे बहुतेक विशी-तिशीतले. त्यातली सात इथे घेतली आहेत. उत्तरं माउलींच्या म्हणजे आळंदीहून निघणाऱ्या पालखीला धरून आहेत. तुकोबांच्या मार्गाचा संबंध असेल तिथे तसं म्हटलं आहे.

आम्ही तिघं मित्र आयटीत आहोत. एकच दिवस सुट्टी मिळते, म्हणून पुणे ते सासवड चालायचं ठरवलंय. सवय फारशी नाही. जमेल का? (हिंजवडी)

जमेलही, पण निवड चुकली आहे. दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे एक दिवस चालणारे सगळे तोच टप्पा धरतात. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून सासवडपर्यंत तीसेक किलोमीटर होतात. नेहमीच्या टप्प्यांमध्ये हा सर्वांत दमवणारा. हडपसरपर्यंत शहरातली गर्दी, पुढे वडकी नाल्यापर्यंत सावली नसलेला डांबरी रस्ता, आणि पाय बोलायला लागतात तेव्हा नेमका घाट. तिथे रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात.

त्याऐवजी सासवड ते जेजुरी चाला. सोळा-सतरा किलोमीटर, चढ बेताचा, आणि जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात तो क्षण पदरात पडतो. जेजुरी ते वाल्हे आणखी छोटा टप्पा आहे. दुसरी सोय अशी की जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज लोहमार्गावरची स्टेशनं आहेत. पालखीच्या दिवशी रस्ते वाहनांना बंद असतात, अशा वेळी परतायला रेल्वेसारखं साधन नाही. गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. सासवडहून मात्र त्या संध्याकाळी पुण्याला परतणं हाच मोठा व्याप होतो. घाट बंद, बोपदेवच्या बाजूला वाहनांची रांग, आणि तुमच्यासारखे हजारो जण रस्त्यावर.

आता तयारी. सहा आठवडे आधी पाच किलोमीटरपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन किलोमीटर वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवार सलग चाला, कारण दुखणं पहिल्या दिवशी कळत नाही. बूट जुनेच घ्या. वारकरी चपलेत चालतात हे पाहून कोऱ्या चपला घेणारे अंगठ्याच्या बेचक्यातून सोलवटून निघतात. फोड येतो तो ओल आणि घर्षण यांनी. त्यामुळे पावसात मोजे भिजले की लगेच बदलायचे, म्हणजे पिशवीत दोन कोरडे जोड हवेतच. निघताना टाचा आणि बोटांमध्ये व्हॅसलीन लावा. कुठे चुरचुरायला लागलं तर ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणू नका, तिथेच थांबून कागदी सर्जिकल पट्टी चिकटवा. छोटा फोड फोडू नये. मोठा असेल आणि चालवतच नसेल, तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, पण वरची कातडी काढू नका.

सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट: रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. दिवसभर डाव्याच कडेने चाललं तर एका गुडघ्यावर ताण येतो. वाट मोकळी मिळेल तिथे रस्त्याच्या मधून चाला.

आमची कंपनी दिवे घाटाच्या पायथ्याशी वारकऱ्यांना वडापाव आणि बिस्किटं वाटणार आहे. मी आयोजनात आहे. काय काळजी घ्यावी? (खराडी)

पहिली काळजी पंचांगाची. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदी सोडते, नवमीला पुण्यात येते, दशमीला मुक्काम करते आणि पुढच्या पहाटे सासवडकडे निघते. म्हणजे दिवे घाट बहुतेक वर्षी योगिनी एकादशीला येतो. 24 जून 2022, 14 जून 2023 आणि 2 जुलै 2024 या तिन्ही तारखांना असंच झालं. एकादशी हे वारकऱ्याचं व्रत. तुमचा वडापाव आणि गव्हाची बिस्किटं तो हात जोडून परत करील, नाहीतर तुमचं मन राखायला घेईल आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकील. दरवर्षी घाटाच्या कडेला बिस्किटांचे न फोडलेले पुडे पडलेले असतात, त्याचं एक कारण हेच.

त्या दिवशी केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, चहा द्या. साबुदाण्याची खिचडी चालते, पण ती सकाळी. भर दुपारी तेलकट खिचडी पोटात घेऊन घाट चढणं जड जातं, तहानही फार लागते. पाण्याबरोबर मीठ-साखर द्या: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उपासाला साधं मीठ न चालणाऱ्यांसाठी सैंधव वापरा, काम तेच होतं. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलट तहान वाढते.

टेबल रस्त्याला चिकटून मांडू नका, दहा-पंधरा पावलं आत घ्या. रस्त्यालगत वाटप सुरू झालं की पताका घेतलेले पुढचे थांबतात, मागचा मृदंग पुढच्यांच्या पाठीवर येतो आणि दिंडी मोडते. कागदी पेल्यांऐवजी पिंप आणि ओगराळं ठेवा. वारकऱ्याच्या पिशवीत स्वतःचा तांब्या किंवा बाटली असतेच. खरं तर खाण्याची ददात या मार्गावर फारशी नसते. तुकोबांच्या वाटेवर यवतला गाव पिठलं-भाकरी करून वाट पाहतं, तशी गावं दोन्ही मार्गांवर आहेत. खाण्यापेक्षा चपला शिवून देणारा चांभार, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड, पायाला तेल लावणारे चार हात आणि साधी मलमपट्टी ठेवलीत तर तुमच्या मंडपापुढे जास्त लोक थांबतील.

कोणत्याही दिंडीत शिरून चाललं तर चालतं का? (सोलापूर)

पालखीबरोबर चालायला कुणाची परवानगी लागत नाही. दिंडीत चालायला लागते, निदान विचारावं तरी. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात आणि प्रत्येकीची रचना ठरलेली असते: पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, विणेकरी, आणि मागे तुळस नि हंडा घेतलेल्या बाया. मधल्या रांगांत घुसू नका, मागून जोडून घ्या. विणेकऱ्याच्या पुढून आडवं जाऊ नका. वीणा कधी खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि त्या वेळी दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस तुमच्या पायाला हात लावील. मागे सरून ‘अहो काका, नको’ म्हणू नका, तुम्हीही वाका. हाक मारायला एकच शब्द पुरतो: माउली. पोलिसालाही तोच.

मुक्कामासह चालायचं असेल तर दिंडीची भिशी आधी भरावी लागते. त्यात दोन वेळचं जेवण, तंबूतली जागा आणि सामानाचा ट्रक येतो. ऐन वेळी ‘एक ताट वाढवा’ म्हणणारे पन्नास जण आले की स्वयंपाक करणाऱ्यांचं गणित कोसळतं, म्हणून महिनाभर आधी दिंडीप्रमुखांशी बोलून घ्या.

टाळ वाजवायला शिकायचं आहे. विकत घेतला, पण त्यातून फक्त ‘थप’ असा आवाज येतो. (नाशिक)

दोन्ही वाट्या तोंडावर तोंड येईल अशा आपटता आहात. मध्ये हवा कोंडते आणि नाद मरतो. दोरीचे वेढे बोटांना घ्या, पण वाटीला तळहात लागू देऊ नका; धातू हाताला टेकला की आवाज तिथेच संपतो. एक वाटी जवळपास स्थिर ठेवा, दुसरी किंचित तिरकी आणून काठाला काठ भिडवा आणि लगेच सोडा. नाद खुला हवा तेव्हा सोडायचं, तोडायचा असेल तेव्हा दाबून धरायचं, एवढ्यावर पहिले पंधरा दिवस काढा. मग 8 मात्रांचा भजनी ठेका, आधी बसून, नंतर जागच्या जागी पावलं टाकत. चालता चालता वाजवताना नवशिका पायांकडे बघतो आणि ठेका मागे पडतो. नजर मृदंगवाल्याच्या हातावर ठेवायची. आणि दिंडीत पहिल्या वर्षी हळू वाजवा. मोठा आणि चुकीचा टाळ शंभर जणांना ऐकू जातो.

दोन दिवस चालायचं ठरवलं, नेमकी पाळीची तारीख मधे येते. घरचे म्हणतात जाऊ नको. (वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, लातूर)

रस्त्याने चालायला तुम्हाला कोणी अडवत नाही. दिंडीगणिक पद्धत मात्र वेगळी. काही ठिकाणी त्या दिवसांत वीणा, तुळस आणि पादुका यांपासून लांब राहायला सांगतात, काही ठिकाणी कोणी विचारतही नाही. भिशी भरण्याआधी दिंडीतल्या एखाद्या मावशींना सरळ विचारून घ्या, त्या आडपडदा न ठेवता सांगतात. घरी चर्चा होणारच असेल, तर चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी विटाळावर अभंग रचला आहे आणि तो याच संप्रदायात गायला जातो, एवढं लक्षात असू द्या. आमच्या मते खूप पोटदुखी किंवा जास्त रक्तस्राव असेल तरच बेत रद्द करावा.

बाकी सोयीचं. पॅड दर चार-सहा तासांनी बदला. चालताना घाम आणि घर्षणाने मांड्या सोलवटतात, तिथेही व्हॅसलीन लागेल. सैल सुती सलवार बरी, जीन्स भिजली की वाळत नाही. वापरलेली पॅड बांधायला जुने कागद आणि एक झाकणाचा डबा ठेवा, कारण कचराकुंडी हवी तेव्हा दिसत नाही. फिरती शौचालयं मुक्कामाच्या गावी असतात, वाटेत विरळ. म्हणून सकाळी निघण्याआधी आणि दुपारच्या विसाव्याला जाऊन या. रांग टाळायला पाणी कमी पिण्याची चूक पुष्कळ मुली करतात, आणि दुपारनंतर डोकं दुखतं ते त्यानेच.

रिंगणाचं रील करायचं आहे. जागा कुठे धरावी? (ठाणे)

माउलींच्या मार्गावर पहिलं उभं रिंगण लोणंद आणि तरडगाव यांच्यामध्ये, चांदोबाचा लिंब इथे होतं. उभ्या रिंगणात दिंड्या रस्त्यावरच दोन बाजूंना होतात आणि मधल्या पट्ट्यातून अश्व धावतात, त्यामुळे चित्रीकरणाला जागा जवळपास नसते. गोल रिंगणाला मैदान असतं. पुढे माळशिरस, वेळापूरच्या बाजूला ती पाहता येतात. तुकोबांच्या मार्गावर बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि काटेवाडीला मेंढ्यांचं. दोन अश्वांपैकी ज्याच्यावर स्वार नाही तो माउलींचा. तो धावतो त्या वाटेत मोबाइलचा हातसुद्धा पुढे काढू नका. घोडा बिचकला तर दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती असतात, त्याला जायला वाट नसते. दौड संपली की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. त्या वेळी मधे उभं राहून चित्रण करणारे पडतात, तेव्हा आधीच कडेला व्हा.

पहाटे टँकरपाशी उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बायांचं चित्रण करू नका. ‘वारीचं वास्तव’ म्हणून असे व्हिडिओ फिरतात. ते कुठल्याही हेतूने केले तरी चूकच.

गर्दीत मोबाइल लागत नाही असं ऐकलं. हरवलो तर? आणि माळ नसली तर चालतं का? (कोल्हापूर)

माळ नसली तरी चालतं. ती घालणं म्हणजे मांस-मद्य सोडणं, एकादशी आणि वारी धरणं असं बांधून घेणं आहे, म्हणून फोटोपुरती घालू नका. चालण्याच्या दिवसांत मात्र मांसाहार आणि दारू वर्ज्य ठेवा.

मोबाइल खरोखरच लागत नाही. दर दोन तासांनी भेटायच्या खुणा सकाळीच ठरवा, आणि ‘मंदिरापाशी’ असं मोघम न ठरवता ‘मंदिराच्या मागच्या हातपंपापाशी’ असं नेमकं ठरवा. दिंडीचा क्रमांक, ती रथाच्या पुढे की मागे, आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत खिशात ठेवा. ‘रथामागे अमुक नंबर’ एवढं सांगितलं की कोणीही वारकरी दिशा दाखवतो. तरीही चुकामूक झालीच, तर संध्याकाळी पालखीतळावर समाजआरतीला जा. सगळ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग चालू असतात, चोपदारांनी दंड वर केला की सारा तळ क्षणात शांत होतो आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. तुमचं पाकीट सापडलं असेल तर तिथेच कळेल. उद्या पालखी किती वाजता हलणार तेही तिथेच सांगतात.