वाचकांचे प्रश्न : मार्च उजाडला आणि वेग मंदावला

प्रश्न : मी 42 वर्षांची असून ठाण्यात राहते. अर्धमॅरेथॉन आणि 100 किलोमीटर सायकलिंग अशा दोन्हींची तयारी करत आहे. जानेवारीत सहज जमणाऱ्या वेगाला आता धाप लागते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमची तयारी ढासळलेली नाही, हे आधी मनापासून सांगतो. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. या हवेला सरावायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोवर घड्याळ बाजूला ठेवून, शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ सायकलसाठी उत्तम आहे, मात्र तोच उतार धावत उतरल्यास गुडघ्यांवर ताण येतो. सरावाआधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून, वजन करून पाहा : पाणी न पिता अर्धा किलो घटले, तर सुमारे अर्धा लिटर घाम गेला. ती भरपाई मीठ घातलेल्या लिंबू सरबताने, घोट घोट करावी. चक्कर किंवा छातीत दुखणे जाणवल्यास सराव थांबवून त्वरित डॉक्टरांना भेटावे.