एक भिंत स्वतःची ठेव

अगं,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. आर्किटेक्ट म्हणून चार वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूवर, जाळ्या चढवतेयस, आणि आता विचारतेस, नोकरी सोडू की लंडनला जाऊन आणखी एक पदवी घेऊ? तू स्वतःसाठी काय काढतेस, हे मात्र पत्रात कुठेच नाही.

लंडनला गेलीसच तर लिंकन्स इन फील्ड्सच्या १३ नंबरात आधी जा. सर जॉन सोनचं घर. गवंड्याचा मुलगा, १७८८पासून ४५ वर्षं बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट. ते काम सांभाळत त्यानं १२, १३, १४ अशी शेजारशेजारची तीन घरं घेतली आणि मरेपर्यंत पाडत, जोडत, बदलत राहिला. नाश्त्याच्या खोलीत मान वर कर. छत्रीसारखा उथळ घुमट, त्यात फुगीर आरसे, आणि घुमटाच्या दोन्ही कडांपलीकडून भिंतीवर उतरणारा उजेड. तो येतो कुठून हे पटकन कळतच नाही. चित्रांची खोली जेमतेम तेरा फूट बाय बारा. पण तिच्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात, मागे पुन्हा चित्रं! शंभराहून जास्त मावली आहेत. कुठल्या क्लायंटनं हे ड्रॉइंग पास केलं असतं? क्लायंट तोच होता, म्हणून झालं. म्हणून सांगतो, एक भिंत स्वतःची ठेव.

त्याची बँक आता जवळजवळ नाहीच. १९२५नंतर आतलं बहुतेक सगळं पाडलं, बाहेरची भिंत तेवढी ठेवली. नवी बांधली हर्बर्ट बेकरनं, आपल्या दिल्लीचे नॉर्थ-साउथ ब्लॉक ज्याचे, त्यानंच. घर वाचलं, कारण १८३३मध्ये सोननं संसदेकडून कायदाच करून घेतला: माझ्यामागे हे आहे तसं, संग्रहालय म्हणून ठेवायचं. (धाकट्या मुलाच्या हाती घर लागू नये, हाही हेतू होताच. मुलानं निनावी लेख लिहून बापाच्या कामाची टर उडवली होती. म्हातारा विसरणाऱ्यातला नव्हता.)

संग्रहालयाचं सोड गं. तुझं घर बघायला कुणी रांग लावणार नाही, माझंही नाही. मुद्दा भिंतीचा आहे.

मी नाही ठेवली. प्लॉट होता, नकाशा होता, जिन्यावर तिरका झरोका काढला होता. एका क्लायंटनं पैसे बुडवले, ऑफिसातल्या सात जणांचे पगार थकले, प्लॉट विकला. बरोबरच केलं. आजही तेच करीन. पण त्यानंतरच्या तीस वर्षांत राहत्या घरातल्या एका भिंतीलाही हात लावला नाही, त्याला कुठला क्लायंट आडवा आला होता? 'वेळ नाही' म्हणायचो. तूही पत्रात तीनदा लिहिलंयस. मी मोजलं.

पुढच्या पत्रात पदवीचा विषय नको. तुझ्या खोलीतल्या खिडकीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, पाठव, हातानं काढलेला, मापांसकट. ती खिडकी तुला कशी हवी आहे, ते त्याच कागदावर लाल पेन्सिलीनं काढ. घरमालकाला विचारू नकोस अजून.