झोपेची गोळी एकदम बंद करू नका

प्रश्न : आईचं वय ६८. दोन वर्षांपासून रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम घेते. सवय लागेल म्हणून आम्ही गोळी बंद केली, तर दुसऱ्याच दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटला. काय करावं?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : आजच डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. फिट आली, भास झाले किंवा त्या बरळू लागल्या, तर लगेच १०८ ला फोन करा. इतक्या दिवसांत मेंदूला गोळीची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की मेंदू जास्तच उत्तेजित होतो, थरथर त्यामुळेच.

गोळी सुटते, पण सावकाश. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के डोस कमी करतात. त्रास झाला तर तिथेच थांबतात. ०.२५ची गोळी मिळते, तिचा उपयोग होतो. पाकिटावर ‘एसआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर गोळी तोडू नका, चावू नका. सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

दारू, ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सोबत नकोच, श्वास मंदावतो. या वयात रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, म्हणून खाटेपासून मोरीपर्यंत दिवा लावून ठेवा. आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. हे औषध एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, त्याला तीन वर्षं नोंद जपावी लागते.