क्ष-किरणांचं ध्रुवण: आधी खेकडा, मग कृष्णविवर

क्ष-किरणांचं ध्रुवण (म्हणजे तरंगांच्या कंपनाची दिशा किती एकसारखी आहे ते) मोजायच्या पहिल्याच प्रकल्पाला कृष्णविवर घ्यायचं म्हणतोस, जरा थांब. आधी खेकडा तेजोमेघ (क्रॅब नेब्युला, फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष) घे. चांगला तेजस्वी आहे, शिवाय ओएसओ-८ उपग्रहानं १९७०च्या दशकातच त्याचं ध्रुवण साधारण १९ टक्के मोजलंय. म्हणजे आपलं उत्तर ढोबळ ताडून बघता येतं. नासाच्या आयएक्सपीई या क्ष-किरण ध्रुवण मोजणाऱ्या उपग्रहाची निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत, तीच उतरवून घे.

सुरुवातीला सगळे कुठे आपटतात, ते सांगतो:

- फोटॉन (प्रकाशाचे कण) कमी पडतात. एकटा फोटॉन काहीच सांगत नाही. फोटॉन आदळून उपकरणातल्या वायूत उडालेल्या इलेक्ट्रॉनांच्या दिशांचा आलेख काढायचा, तो किती वरखाली होतो ते बघायचं; जास्त वरखाली म्हणजे जास्त ध्रुवण. उपकरणाचा मॉड्युलेशन फॅक्टर (पूर्ण ध्रुवित किरणांना हा आलेख किती वरखाली होतो तो आकडा) ०.३ धरला, तर १०,००० फोटॉनांत १४ टक्क्यांखालचं ध्रुवण ९९ टक्के खात्रीनं सांगता येत नाही. ५ टक्क्यांसाठी ८० हजारांवर लागतात. आणि हे पार्श्वभूमी (स्रोताखेरीज इतर नको असलेल्या नोंदी) शून्य धरून!

- गोंगाटालाच सिग्नल समजणं. ध्रुवणाचं प्रमाण कधी ऋण येत नाही, त्यामुळे ध्रुवण नसलेला स्रोतही चार-पाच टक्के दाखवतो. असा आकडा मी आठवडाभर मिरवला होता. त्याऐवजी क्यू आणि यू हे स्टोक्स घटक (ध्रुवणाचं प्रमाण आणि दिशा मिळून सांगणारे दोन आकडे) वापर, ते शून्याच्या दोन्ही बाजूंना जातात.

- कोनांची सरासरी. ध्रुवणाची दिशा १८०° फिरवली तरी तीच राहते, म्हणून १७९° आणि १° हे शेजारी आहेत. सरासरी ९०° आली की समज, फसलास.

इस्रोच्या एक्सपोसॅट उपग्रहावरचं पोलिक्स हे उपकरण ८ ते ३० केईव्ही (फोटॉनांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेत, विकिरणावर (फोटॉन विखुरण्यावर) चालतं. त्याचं गणित सध्या बाजूला ठेव. खेकड्याचा आलेख निघाला की पाठव, बघू.